दारू सुटली, आता बसायचं कुणाजवळ?



मागच्या वेळी आपण सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची, यावर बोललो होतो. त्यानंतर केंद्रावर सात फोन आले. दोन बियाण्याबद्दल होते, पाच दारूबद्दल. पाचही बायांनी नाव सांगितलं नाही. प्रश्न साधारण एकच होता. नवऱ्याला किंवा पोराला दवाखान्यात नेलं, दारू सुटली, घरी आणलं, महिना-दीड महिना बरा गेला आणि पुन्हा सुरू झालं. आता काय करायचं?

या प्रश्नावर बोलण्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. सांगितली नाही तर पुढचं बोलणं खोटं होईल.

तीन वर्षं झाली असतील. आमच्या एका गटातल्या वहिनी माझ्याकडे रडत आल्या. गावाचं नाव सांगत नाही, तालुकाही सांगत नाही. नवरा सकाळी उठल्यापासून प्यायचा. तोंड धुवायच्या आधी घोट लागायचा, नाहीतर हात कापायचे, चहाचा कप धरवत नव्हता. मी बी.ए. झालेली, चाळीस गटांची बैठक घेणारी, मला वाटायचं की मला सगळं कळतं. मी म्हटलं, "वहिनी, तीन दिवस खोलीत कोंडा, बाहेरून कडी लावा. ओरडेल, शिव्या देईल, पण चौथ्या दिवशी माणूस मोकळा होईल." असं कुठेतरी सिनेमात पाहिलं होतं मी.

वहिनींनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना झटके आले. जीभ चावली गेली, डोकं खाटेच्या पायावर आपटलं. पोराने कडी काढली, १०८ ला फोन केला. वेळेत पोहोचले म्हणून वाचले. डॉक्टरांनी विचारलं, "कोंडून ठेवायला कुणी सांगितलं?" वहिनी माझ्याकडे पाहत होत्या, पण माझं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमी सांगतलं तसंच केलं ना मी."

म्हणून पहिली गोष्ट नीट ऐका. जो माणूस वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून पितो, त्याची दारू घरात एकदम तोडायची नाही. शरीराला तिची सवय झालेली असते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळ होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. यात जीव जातो. दवाखान्यात यावर गोळ्या देतात, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात आणि पाच-दहा दिवसांत हा टप्पा सुखरूप पार पडतो. आपल्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात. केसपेपर काढताना "मानसोपचार ओपीडी" म्हणायचं. "वेड्यांचा विभाग" म्हणत तिथे जायला लाजायचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट त्याच फोनांमधली. एका बाईने विचारलं, न सांगता भाजीत टाकायचं औषध कुठं मिळते? एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती असतात ना, "पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा", त्यातलं. बाई, हे करू नका. त्या पुड्यांमध्ये काय असतं ते सांगणारं कुणी नसतं. दारूची किळस यावी म्हणून डॉक्टर देतात ते एक खरं औषध आहे, डायसल्फिराम नावाचं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, आणि हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याची तयारी असेल तरच, तपासण्या करून देतात. चोरून दिलं आणि त्याने वर दारू घेतली, तर काय झालं हे त्यालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही.

आता आपल्या जिल्ह्याची एक वेगळीच अडचण आहे. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. गांधीजी सेवाग्रामला राहिले, विनोबा पवनारला, त्यामुळे सत्तरच्या दशकापासून इथे सरकारमान्य दुकान नाही, बार नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या बाया दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान करतात, आपल्याला ते करायची गरजच नाही. पण नाल्याच्या काठी मोहाचा सडवा असतोच, आणि शेजारच्या जिल्ह्यातून डिक्कीत बाटल्या येतातच. हे मी तुम्हाला काय सांगू, तुम्हीच पोलिसांबरोबर जाऊन ड्रम उलटे केले आहेत. अडचण अशी की, जिथे दारू कागदावर नाहीच, तिथे दारुडाही कागदावर नसतो. कुणी उघड बोलत नाही. आणि भीती असते की, दवाखान्यात सांगितलं तर पोलीस येतील का?

कायद्याने परवान्याशिवाय दारू पिणं हा गुन्हा आहे, हे खरं. पण उपचाराला आलेला माणूस हा रुग्ण असतो. मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा आहे, त्यात दारूच्या व्यसनातून होणारे विकारही येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्यातच दिला आहे. सेवाग्रामला किंवा सावंगीला गेलं म्हणून कुणाच्या दारात पोलीस आले, असं माझ्या कामाच्या नऊ वर्षांत मी ऐकलेलं नाही.

त्या वहिनींच्या नवऱ्याकडे परत येऊ. आपण त्यांना भाऊजी म्हणू. दहा दिवसांनी त्यांना सुटी मिळाली. कागदावर औषधांच्या खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, आधार गटात जात राहावं अशा अर्थाची. वहिनींना इंग्रजी येत नाही, पोराने गोळ्यांची नावं वाचली आणि कागद फडताळात ठेवला. महिनाभर भाऊजी चांगले राहिले. डवरणीला गेले, पोरीच्या शाळेत गेले. मग पोळा आला. पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे केले की कोण कुणाला आग्रह करतो, ते तुम्हाला माहीत आहे. "आज सणाच्या दिवशी एक घोट घेतला तं काय मरशीन काय?" तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ते घरीच आले नाहीत.

तेव्हा वहिनींनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली आणि मलाच कळलं नाही की आधार गट म्हणजे काय आणि तो असतो कुठे. आपला बचत गट आहे, ग्रामसंघ आहे, प्रभागसंघ आहे. हा कुठला?

मग शोधायला लागलो. आता मला थोडं कळतं, ते सांगते.

असे गट जगात सुरू झाले त्याची गोष्टच मुळी शोधण्याची आहे. साल १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन नावाचं गाव. बिल नावाचा एक माणूस, शेअर बाजारात काम करणारा. दारूपायी सगळं घालवून नुकताच सुटलेला. कामासाठी त्या गावात आला होता, काम फसलं होतं, खिसा रिकामा. हॉटेलात उभा होता, एका बाजूला बार, तिथून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला कळलं की आता आपण पिणार. तो टेलिफोनकडे गेला आणि गावातल्या चर्चमध्ये फोन लावत सुटला, "मला एखादा दारुडा माणूस भेटवून द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे." असा फोन आपल्याकडे आला असता तर आपण काय समजलो असतो! पण शेवटी एका बाईंनी त्याची गाठ बॉब नावाच्या डॉक्टरशी घालून दिली. तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, आणि पक्का पिणारा. दोघं तासन्‌तास बोलले. त्याच वर्षी १० जूनला डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचा जन्मदिवस मानतात. तिला सगळे एए म्हणतात.

एएची पद्धत साधी आहे. जे प्यायचे आणि आता सोडू पाहतात, ते आठवड्यातून एक-दोनदा, काही ठिकाणी रोज, तास-दीड तास एकत्र बसतात. एक-एक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, हसत नाही. आडनाव सांगायचं नाही. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो, चहाचे आणि खोलीच्या भाड्याचे. बाहेरून देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. आपल्या बचत गटासारखं रजिस्टर नाही, हजेरी नाही, दंड नाही. मला आधी वाटलं, दंड नाही तर लोक येतील कसे? येतात.

बायकांसाठी वेगळे गट आहेत, अल-अॅनॉन नावाचे. तेही असेच निघाले. नवरे आत सभेला बसायचे, बायका बाहेर थांबायच्या आणि आपापसात बोलायच्या. त्यातून १९५१ मध्ये बिलच्या बायकोने, लोईसने, एका मैत्रिणीसोबत ही संघटना उभी केली. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत. त्याच्या दारूत आपलं काय झालं, हे बोलायचं असतं. बाटल्या लपवणं, खिसे तपासणं, मालकाला खोटं सांगणं, पोरांवर राग काढणं. वहिनी एकदाच जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "तिथं एक मास्तरीनबाई होती वं ताई, तिचंही माह्यासारखंच." शिकलेल्या घरात हे होत नाही अशी त्यांची समजूत होती, ती त्या दिवशी गेली.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेल. २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. तिथे साधारण ३५ दिवस राहावं लागतं, त्यानंतर पाठपुराव्याच्या सभा असतात आणि बायकांचा सहचरी गट आहे. बाया स्वतः पीत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा विभागही आहे. हो, बायाही पितात, आपल्या गावातही, आणि त्यांना तर कुणी दवाखान्यात नेतही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून दारूबंदीची चळवळ झाली, १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी आली, आणि २०१६ पासून मुक्तिपथ कार्यक्रमात दारूबंदीबरोबर व्यसनाच्या उपचाराचंही काम गावापर्यंत नेलं गेलं. ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण भट्ट्या फोडतो ते बरोबरच आहे, पण भट्टी फुटल्यावर ज्याचे हात कापतात त्याला आपण नुसतं हसतो.

तर शोधायचं कसं?

आम्ही आधी चुकीच्या जागी विचारलं. ग्रामपंचायतीत विचारलं तर एकाने भोंदूबाबाचा पत्ता दिला. दुसऱ्याने एका केंद्राचं कार्ड दिलं. तिथे फोन केला तर म्हणाले, माणूस पाठवा, आम्ही उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही, इतके हजार आधी भरा. मी फोन ठेवला. ज्या केंद्रात मारतात, साखळीने बांधतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे आपला माणूस द्यायचा नाही. साखळीने बांधणं तर २०१७ च्या त्याच कायद्याने बंद केलं आहे, आणि अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणायचं. दाखवत नसतील तर उठून यायचं.

बरोबर जागा निघाली ती मानसोपचार ओपीडीतच. डॉक्टरांच्या खोलीबाहेर समुपदेशक बसतात. त्यांना आम्ही सरळ विचारलं, "दारू सोडलेल्या लोकांची बैठक आपल्या भागात कुठं, कोणत्या वारी भरते?" त्यांच्याकडे एका एए सभासदाचा नंबर होता, तो त्यांनी दिला. त्यांच्या ओळखीतून नागपूरच्या गटांची माहिती मिळाली, तिथे बरेच गट आहेत. सभांच्या जागा आणि वार बदलत राहतात, म्हणून मी इथे सांगत नाही, जुना पत्ता घेऊन तुम्ही कुलपासमोर उभ्या राहाल. फोन करून विचारूनच निघा. ओपीडीला जाणं होत नसेल तर दोन सरकारी नंबर लिहून घ्या. १४४१६ हा टेली मानस, मन आणि व्यसन दोन्हीसाठी, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा. दोन्हीला पैसे पडत नाहीत. त्यांना "उपचार कुठं" एवढंच विचारू नका, "सुटल्यावर बसायला गट कुठं" हेही विचारा. तो प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून त्याचं उत्तर मिळत नाही.

त्या नंबरवर भाऊजींनी फोन केला नाही. वहिनींनी केला. पलीकडचे काका म्हणाले, "त्यांना यायचं नसेल तर मी येतो." आणि पुढच्या गुरुवारी ते एसटीने आले. साठीचे, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. ओट्यावर बसले. उपदेश केला नाही. स्वतःचंच सांगत बसले. बायकोचं मंगळसूत्र कसं विकलं, बापाच्या तेराव्याच्या दिवशी कुठं पडून होते. भाऊजी आधी भिंतीकडे तोंड करून होते. अर्ध्या तासाने वळले. मी आत चुलीजवळ वहिनींसोबत होते. एवढं ऐकू आलं, "तुमालेही सकाळी हात कापत होते काय?"

काकांना मी नंतर विचारलं, भाड्याचे पैसे देऊ का? ते म्हणाले, नको, मी माझ्यासाठी आलो होतो. दुसऱ्याला जाऊन सांगणं हा त्यांच्या बारा पायऱ्यांमधला शेवटच्या पायरीचा भाग आहे, हे मला पुढे कळलं.

पण गट सापडला म्हणजे झालं, असं नाही. गट शहरात, सभा संध्याकाळी, शेवटची एसटी त्याआधी निघून जाते. मजुरी बुडते. दोनदा गेले, तिसऱ्यांदा नाही गेले. मग काकांनीच युक्ती सांगितली. एए गट सुरू करायला दोन-तीन माणसं पुरतात. तालुक्याचा आठवडी बाजार असतो त्या दिवशी माणूस तसाही तालुक्याला जातोच. भाजी विकायला किंवा घ्यायला. त्याच दिवशी, दुपारी, बाजाराजवळच्या एका प्रार्थना मंदिराच्या खोलीत सभा ठेवली. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची सवय असल्याने, गोल करून बसायचं आणि एकाने बोलताना बाकीच्यांनी शांत राहायचं, हे आपल्या माणसांना नवीन वाटलं नाही. आणि बाजाराचा दिवस म्हणजे नेमका पिण्याचाही दिवस, हे काकांना पक्कं माहीत होतं.

यात आपल्या बचत गटाने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे माझं मत सांगते, पटलं तर घ्या. उपचारासाठी आणि एसटीच्या भाड्यासाठी अंतर्गत कर्ज द्यावं. हप्ता थकला तर चारचौघीत त्या बाईच्या नवऱ्याची दारू काढू नये. त्याच्या आधार गटात आपण जाऊन बसू नये. खास खुली सभा असेल तेव्हा घरचे जाऊ शकतात, एरवी नाही. आणि फोटो काढायचा नाही! आपल्याला सवय लागली आहे, चार बाया जमल्या की फोटो, लगेच व्हॉट्सॲपवर, वर प्रभागसंघाचा बॅनर. त्या खोलीचा एक फोटो गावात फिरला तर पुढच्या आठवड्यात तिथे कुणी येणार नाही. मला वरच्या कार्यालयातून एकदा विचारलं होतं, या उपक्रमाचा अहवाल आणि छायाचित्रं द्या. मी दिली नाहीत. रागावले थोडे.

आणि मारझोड होत असेल तर त्याचा गट सुरू होण्याची वाट पाहू नका. १८१ हा महिलांचा नंबर आहे, ११२ पोलिसांचा. तो दवाखान्यात जातो म्हणून त्याचा मार खायचा, असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका, मी सांगितलं तरीही.

भाऊजींचं विचाराल तर, ते मधे आणखी एकदा प्याले. कापसाचे पैसे आले त्या दिवशी. आठ दिवस सभेला गेले नाहीत, मग गेले. वहिनींना वाटलं आता तिथून काढून टाकतील. तिथे कुणी काही विचारलं नाही, नेहमीसारखी जागा करून दिली. एएमध्ये दारूविना झालेल्या वर्षाला वाढदिवस म्हणतात. त्यांचा पहिला येत्या मार्गशीर्षात आहे, मोजणी त्या शेवटच्या दिवसापासून पुन्हा धरलेली. सभेची खोली झाडून चहा ठेवायचं काम सध्या त्यांच्याकडे आहे. मागच्या बाजाराला सात जण होते. एकजण दारापर्यंत येऊन परत गेला. भाऊजी त्याच्या मागे बाजारात गेले, दोघंही लिंबाखाली बराच वेळ बसले होते, असं वहिनींनी मला सांगितलं. तो आत आला की नाही, ते पुढच्या बाजाराला कळेल.